दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गाढवांच्या आश्रयस्थानात न्यावं का? आमच्या घरात दोन तट

सोनेगावची_आई

दिवाळीच्या सुट्टीत उदयपूरचं ठरलंय. नागपूरहून वंदे भारतनं इंदूर, तिथे एक मुक्काम (सराफ्यात खाणं आलंच) आणि पुढे उदयपूर. तलाव, राजवाडा वगैरे आहेच, पण लेकीनं हट्ट धरलाय की एक सकाळ 'अ‍ॅनिमल एड'साठी ठेवायची. रस्त्यावरची जखमी, आजारी जनावरं उचलून आणून उपचार करणारी ही संस्था 2002 पासून तिथे आहे. कुत्री आणि गायींसोबत सोडवून आणलेली गाढवंही आहेत. लेकीला नेमकी तीच बघायचीत.

लेक आठवीत, मुलगा दुसरीत, सोबत सासूबाई. नवरा म्हणतो, 'गाढवं बघायला एवढ्या लांब? लोक हसतील.' दिरांचं म्हणणं वेगळं. सुट्टीत लहान पोरांना लंगडी, जखमी जनावरं कशाला दाखवायची, रात्री झोपेत दचकतील.

माझं मत स्पष्ट आहे, न्यावं. गोरेवाड्याला सफारीच्या गाडीत मुलं 'वाघ दिसला का, उठला का' यापलीकडे जात नाहीत. इथे या जनावराला काय झालं, कोणामुळे झालं, आता ते बरं आहे का, असे प्रश्न तरी पडतील. तुम्हाला काय वाटतं? विरोधातलं मत असेल तरी मोकळेपणानं लिहा, घरी तेच ऐकतेय.

बेसा_रोडवाला

ताई, राग नका मानू, पण गाढव पाहाले उदयपूरले कायले जाता बाप्पा? आपल्या जिल्ह्यात वीटभट्ट्या काय कमी हायेत? थंडीत सकाळी सकाळी कोण्या बी भट्टीवर जा, विटा वाहून राहिलेली गाढवं दिसतीन. तिकीट नाई, लाईन नाई. आन् खरं सांगू, आश्रमात पोट्ट्याईले धुतलेलं, पुसलेलं, नाव ठेवलेलं गाढव दिसते. भट्टीवर खरं गाढव दिसते.

पशुवैद्य_सेमिनरी_हिल्स

मी विरोधात आहे. कारण भाऊजींच्या कारणापेक्षा वेगळं आहे. मला काळजी मुलांची नाही, गाढवांची आहे.

गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा पोटात दुखलं की लोळतो, पाय आपटतो. गाढव मान खाली घालून उभं राहतं आणि लोक म्हणतात, किती शांत आहे. त्यात त्याच्या शरीराची एक भानगड आहे. जागा बदलली, सोबती गेला, गोंगाट झाला की ते खाणं सोडतं. खाणं सुटलं की अंगातली चरबी रक्तात उतरते. अशा गाढवाचं रक्त नळीत घेऊन थोडा वेळ उभं ठेवलं तर वरचा थर दुधाळ दिसतो. त्यानंतर यकृत आणि किडनी हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. जाडजूड गाढवांना हा धोका जास्त. आता सुट्टीच्या दिवशी दहा कुटुंबं आली, प्रत्येकाला सेल्फी हवी, प्रत्येकाच्या पिशवीत पाव आणि बिस्किटं, तर काय होईल याचा विचार करा.

खुरं नीट ठेवायला दर सहा ते दहा आठवड्यांनी छाटावी लागतात. सोडवून आणलेल्या गाढवांची खुरं बरेचदा वर्षानुवर्षं कोणी पाहिलेली नसतात, वाढून मोजडीच्या टोकासारखी वळलेली असतात. अशा जनावराला निवांतपणा हवा, पाहुणे नकोत.

सोनेगावची_आई

डॉक्टरसाहेब, रक्ताचं मला माहीत नव्हतं, लेकीला वाचून दाखवलं. पण मग बाहेरच्या माणसांनी कधी जायचंच नाही का? जी संस्था लोकांच्या देणगीवर चालते तिथे लोकांनी पाऊल टाकायचं नाही, हे मला पटत नाही. पैसे द्या आणि लांब राहा, असं म्हटलं की माणसं दोन वर्षांत विसरतात. आणि सेल्फी, बिस्किटं हा आईबापांच्या वळणाचा प्रश्न आहे. आमच्या घरी पिशवीतून बिस्किटाचा पुडा निघणार नाही याची हमी देते. (सासूबाईंच्या पिशवीची हमी मी देऊ शकत नाही.)

बेलदाराचा_नातू

वरचं सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आमच्या घरी गाढवं होती. आजोबा माती आणि रेती वाहायचे, काका अजून भट्टीवर आहेत. आश्रयस्थान म्हटलं की गोष्ट ठरलेली असते. गाढव बिचारं, मालक क्रूर, संस्थेनं सोडवलं. मालक कोण होता, त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजलं, हे कुठल्या पाटीवर नसतं.

कायदा आहे, हो. 1965 चे नियम सांगतात की गाढवाच्या पाठीवर 50 किलोपेक्षा जास्त ओझं नको. पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला जुंपायचं नाही. आता आपल्या नागपूरचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. 37 तर मार्चमध्येच ओलांडतो. ओली वीट तीन-साडेतीन किलोची, म्हणजे गाढवावर पंधराएक विटा. मजुरी मिळते हजार विटांवर. नियम पाळला तर घरी चूल पेटत नाही आणि मोडला तर आम्ही निर्दयी. भट्टीचा मालक या हिशेबात कुठेच नाही, तो एसीत.

पाठ सोलली की आजोबा गाढवाला आठ-आठ दिवस मोकळं सोडायचे, हळद-तेल लावायचे. एकदा एका सरकारी दवाखान्यात जखमी गाढव नेलं तर आधी तिथली माणसं हसली. बैल नेला असता तर हसली असती का?

पशुवैद्य_सेमिनरी_हिल्स

@बेलदाराचा_नातू, हसण्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते लाजिरवाणं आहे. पण एक विचारतो. पुढचे दोन पाय दोरीनं बांधून चरायला सोडतात, त्या पायबंदानं कातडी कापून हाडापर्यंत गेलेल्या जखमा मी बांधल्या आहेत. ती दोरी भट्टीच्या मालकानं बांधलेली नव्हती.

बेलदाराचा_नातू

नव्हती. दोरीऐवजी रुंद पट्टा बांधा, पायाला कापड गुंडाळा, हे सांगायला तरी कोणी भट्टीवर येतं का? संस्थेची गाडी येते ती गाढव घेऊन जायला. माझं भांडण तिथे आहे. आश्रमात पन्नास गाढवं आयुष्यभर सांभाळायची की त्याच पैशात हजार गाढवांची खुरं, जखमा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बघायचं?

डेव्हनला_जाऊन_आलेला

मुलगा इंग्लंडला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा डेव्हनमधल्या सिडमथचं डाँकी सँक्चुअरी पाहिलं. एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी 1969 मध्ये ते सुरू केलं. 1974 मध्ये दुसऱ्या एका बाईंनी मृत्युपत्रात त्यांच्या नावे दोनशेहून जास्त गाढवं ठेवली. एका सकाळी उठून दोनशे गाढवांची मालकीण होणं म्हणजे काय, विचार करा.

मी गेलो तेव्हा प्रवेश फुकट होता. डॉक्टरसाहेबांची भीती तिथे खरी ठरताना दिसली नाही, कारण सगळी आखणी गाढवाच्या बाजूनं आहे. पाहुण्यांजवळ यायचं की नाही ते गाढव ठरवतं. नको वाटलं तर त्याला मागे सरकायला जागा आहे, आपल्याला त्याच्या मागे जाता येत नाही. माझी नात अर्धा तास कुंपणाशी उभी होती आणि एकही आलं नाही. रडकुंडीला आली, पण कोणी गाढवाला ओढून आणलं नाही.

आणि त्यांची जोडी असते. दोन गाढवं एकमेकांना धरून असतात, जागा बदलली तरी जोडी फोडत नाहीत. त्यातलं एक मेलं की मृतदेह लगेच उचलत नाहीत. दुसऱ्याला त्याच्याजवळ राहू देतात, ते हुंगतं, ढोसतं, आपणहून बाजूला होतं, मग नेतात. तसं केलं नाही तर मागे राहिलेलं खाणं सोडतं. म्हणजे वर डॉक्टरांनी सांगितलेलंच. आमच्यातल्या दुसरीच्या मुलांना हे समजतं, मोठ्यांनाच अवघड जातं.

बेसा_रोडवाला

भाऊ, थे इंग्लंड हाय. तिथं मृत्युपत्रात गाढवं येतात, आपल्याकडं मृत्युपत्रावरून भाऊ कोर्टात जाते.

हिशेबी_माणूस

भावना बाजूला ठेवून बोलू. पाच जणांचं जाणं-येणं, हॉटेल, रिक्षा. उदयपूरला तुम्ही तसंही जाणारच, मान्य. पण फक्त गाढवांच्या प्रेमापोटी लोक असे प्रवास आखायला लागले तर त्या खर्चाचा चौथा भाग थेट संस्थेला पाठवला तरी जास्त भलं होईल.

दुसरं, आकडे बघा. 2012 च्या पशुगणनेत देशात गाढवं सुमारे 3.2 लाख होती, 2019 मध्ये 1.2 लाख. सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. ट्रॅक्टर, टेम्पो आले, कामं गेली. शिवाय चीनमध्ये गाढवाच्या कातडीपासून औषधी जिलेटिन करतात, त्याची मागणी इतकी वाढली की आफ्रिकी संघानं फेब्रुवारी 2024 मध्ये कातडीसाठी गाढवं मारायला 15 वर्षांची बंदी घातली. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे एका कुटुंबाची एक सकाळ म्हणजे काय?

महालातली_आजी

नाथांनी काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. बरोबरचे लोक म्हणाले, एवढ्या लांबून आणलेलं पाणी वाया घालवलं. हिशेबी माणूस तिथे असता तर त्यानेही कावडीचा खर्च काढला असता. सूनबाई, नातवंडांना घेऊन जा.

हिशेबी_माणूस

आजी, नमस्कार. पण नाथांनी समोरच्या गाढवाला पाणी दिलं, लांबचं गाढव बघायला ते गेले नव्हते. तुमची गोष्ट माझ्याच बाजूची आहे.

बेलदाराचा_नातू

हे मात्र बरोबर बोललात.

आणि आजी, आपल्याकडे बैलाचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांनासुद्धा बक्षिसं. गाढवाला कोणी ओवाळत नाही असं म्हणतात, ते मात्र खोटं. अकोटला भोई समाज गाढवांचा पोळा करतो. आंघोळ घालून, रंगवून, पूजा करून त्या दिवशी कामाला सुट्टी देतात. तिथे मुलांना न्या. मालक आणि जनावर एकाच जागी दिसतील, मधे संस्था नाही.

सोनेगावची_आई

अकोटचं डोक्यात ठेवलं, पण पोळा तर झाला यंदाचा.

हिशेबी भाऊंना एवढंच सांगते की देणगी आणि भेट यातलं एक निवडा, असा प्रश्न आमच्या घरात नाही. गेलो नाही तर ते पैसे गाढवांना जाणार नाहीत, मॉलमध्ये जातील. माणूस जे बघतो त्यालाच पुढे पैसे देतो. आणि आकड्यांचं म्हणाल तर 1.2 लाख हा आकडा लेकीला सांगितला, ती 'बरं' म्हणाली. डेव्हनच्या जोडीची गोष्ट सांगितली तर रात्री जेवताना परत विचारत होती की मागे राहिलेल्याला मग नवीन मित्र मिळतो का.

दिरांच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही, म्हणजे तो निकालात निघाला असं धरते.

आम्ही जाणार आहोत. डॉक्टरसाहेब, विरोध कायम ठेवून का होईना, जायचंच असेल तर काय पाळायचं ते सांगा.

पशुवैद्य_सेमिनरी_हिल्स

विरोध कायम आहे.

आधी फोन करून भेटीची वेळ विचारा, न कळवता जाऊन धडकू नका. कमी माणसं असतील ती वेळ मागा. मुलांना बंद बूट, चपला नकोत. गाढवाला पाठीमागचं सरळ दिसत नाही, म्हणून मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं जायचं, तेही ते आधी तुमच्याकडे आलं तर. तोंडाला हात लावण्यापेक्षा मान जिथे पाठीला मिळते तिथे खाजवलेलं त्याला आवडतं. पाव, गूळ, शिळी पोळी अजिबात नाही. हे कोरड्या मुलखातलं जनावर आहे, कडबा आणि कुटारावर जगणारं, गोडानं त्याच्या खुरांचा आजार वाढतो. तिथली माणसं हो म्हणाली तरच गाजर, तेही लांब चिरलेलं. गोल चकत्या घशात अडकतात. निघताना साबणानं हात धुवा.

दुसरीतल्या मुलाला मी बाहेरच ठेवलं असतं.

सोनेगावची_आई

त्याला बाहेर ठेवणार नाही, त्याच्यासाठीच तर कुंपणाशी उभं राहायला शिकायचंय. बाकी सगळं कबूल, गुळाचं सासूबाईंना मी सांगते.

@बेलदाराचा_नातू, थंडीत तुमच्या काकांच्या भट्टीवर लेकीला आणलं तर चालेल का? बेसावाल्या भाऊंचंही तेच म्हणणं होतं.

बेलदाराचा_नातू

चालेल. सकाळी नऊच्या आत या, त्यानंतर कामाची घाई असते. काका स्वतः गोण कशी भरतात, ओझं दोन्ही बाजूंना सारखं कसं करतात ते दाखवतील, तिला आवडेल. फक्त मोबाईल गाडीत ठेवून उतरा. एकदा कोणीतरी व्हिडिओ काढून टाकला होता. खाली सगळ्या शिव्या काकांना होत्या, भट्टीच्या मालकाचं नाव एकानेही विचारलं नव्हतं.