परदेशी जायचं ते डोंगर बघायला की माणसं बघायला?

येळ्ळूरचा शेतकरी: आपल्या बेळगावकडे जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि आंबोलीचं धुकं ज्याच्या दारात आहे, त्याने हिरवळ बघायला विमानाचं तिकीट का काढावं? जायचंच तर तिथली माणसं कशी जगतात ते बघा. बालीत भाताच्या पाण्याची वाटणी 'सुबक' नावाच्या शेतकऱ्यांच्या संघटना करतात. कुणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं, हे पाण्याच्या देवळांतल्या पूजाविधींशी जोडलेलं असतं. २०१२ साली युनेस्कोने ती शेतं जागतिक वारशात घेतली, ती या व्यवस्थेसकट. आपले लोक मात्र बांधावर फोटो काढतात आणि पुढच्या गाडीत बसतात. भात पिकवणाऱ्या मुलखातून जाऊन पाटाचं पाणी कुठनं येतं एवढंही विचारत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

खानापूरकर: पटलं नाही. हिरवळ इथे आहे, पण बर्फ कुठाय? स्वित्झर्लंडमध्ये १९१२ पासून रेल्वे डोंगराच्या पोटातून थेट ३,४५४ मीटरवर युंगफ्राउयोखला नेते. समोर आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी. माझ्या आईला मराठी-कन्नड सोडून भाषा येत नाही. चार दिवसांत तिला परकी संस्कृती काय कळणार? ती हिमनदी बघायला मात्र कुणी दुभाषा लागत नाही.

येळ्ळूरचा शेतकरी: आईंना जरूर न्या. पण त्याच डोंगरउतारावरची कुरणं गुरं चारून राखलेली आहेत. उन्हाळ्यात गाई वर नेतात, थंडीच्या तोंडावर फुलं-घंटा बांधून खाली आणतात. चराई थांबली तर तिथे झाडोरा माजेल. म्हणजे तुम्ही बघता तो देखावाही गुराख्यांनीच राखलाय की.

वडगावची वहिनी: दोघांनाही विचारते, बघून घ्यायला त्या माणसांची तयारी आहे का? जत्रेआधी आपल्या गावांत वार पाळतात, औत धरत नाहीत. त्या दिवशी वेशीवर बाहेरच्यांची बस येऊन कॅमेरे रोखले तर चालेल? बालीत न्येपीला, म्हणजे त्यांच्या मौन पाळायच्या नववर्षदिनी, अख्खं बेट दिवसभर गप्प असतं, विमानतळही बंद, पर्यटकालाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. हे मला फार आवडलं. बाकी वर्षभर मात्र पर्यटकांच्या व्हिलांसाठी तीच भातशेतं विकली जातायत. संस्कृती बघायला जाणारेच ती मोडतात, म्हणून मी खानापूरकरांच्या बाजूने.

येळ्ळूरचा शेतकरी: वहिनी, मग व्हिला सोडून शेतकऱ्याच्या घरी उतरा. पैसा भात लावणाऱ्याच्या हातात पडला तर तो शेत कशाला विकेल?

वडगावची वहिनी: रिंगरोडला, बायपासला जमिनी जाताना आपल्याकडे काय झालं ते बघितलंय. घरी उतरलेल्या चार पाहुण्यांनी ते थांबलं नसतं.