प्रवाळ परत वाढले म्हणजे भित्तिका सावरली, असे म्हणता येते का?

निळाई (मूळ प्रश्न)

प्रवाळ भित्तिकांविषयी वाचताना एक विसंगती मला सतत खटकते आहे, म्हणून ती येथे मांडतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे समुद्राचे पाणी तापून प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते पांढरे पडले, आणि २०२० व २०२२ मध्ये ते पुन्हा घडले. असे असूनही, ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या २०२२ सालच्या पाहणीत जिवंत प्रवाळांचे आच्छादन उत्तर भागात ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के भरले. छत्तीस वर्षांच्या नोंदींत या दोन्ही भागांत याहून मोठा आकडा कधी आलेला नव्हता.

या आकड्यावरून काही जण म्हणतात की संकटाचा बाऊ केला गेला, तर काही जण म्हणतात की हा आकडाच फसवा आहे. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. शास्त्रीय लेखनात ‘रेझिलियन्स’ हा शब्द पानोपानी येतो. मराठीत आपण त्याला लवचीकता म्हणतो. ती नेमकी कशात मोजायची? केवळ आच्छादनात मोजायची असेल, तर भित्तिका सावरली असे मान्य करण्यात अडचण काय आहे?

खोलपाणी

आकडा खोटा नाही, परंतु तो तुमच्या प्रश्नाला उत्तर देणारा आकडा नाही. समुद्रतळाचा किती टक्के भाग जिवंत कठीण प्रवाळांनी व्यापला आहे एवढेच आच्छादन सांगते. ते प्रवाळ कोणत्या जातीचे आहेत, किती वयाचे आहेत आणि त्यांच्या आधाराने कोण जगत आहे, यांविषयी ते काहीच सांगत नाही. २०२२ मधील वाढ मुख्यतः ॲक्रोपोरा या वंशातील फांद्यांसारख्या व मेजासारख्या सपाट पसरणाऱ्या प्रवाळांमुळे झाली होती, हे त्याच संस्थेने स्पष्ट लिहिले होते. हे प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतात, तर पोरायटीससारखे गोलाकार, घट्ट प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. वेगाने वाढणारे हेच ॲक्रोपोरा उष्णतेला लवकर बळी पडतात, वादळात आधी मोडतात आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुटाच्या तारामाशाला विशेष आवडतात. म्हणजे उंच दिसणारा आकडा सर्वांत ठिसूळ घटकावर उभा होता. २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा विरंजन झाले आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीत उत्तर भागातील आच्छादन सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले आढळले.

आता शब्दाविषयी. १९७३ मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी परिसंस्थांच्या संदर्भात ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचा रोख ‘किती लवकर पूर्ववत होते’ यापेक्षा ‘किती धक्का पचवूनही व्यवस्थेचे मूळ स्वरूप टिकते’ यावर होता. लवचीकता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताणून सोडलेले रबर येते आणि येथेच गल्लत होते. रबर प्रत्येक वेळी मूळ आकारालाच येते. भित्तिकेला मात्र धक्क्यानंतर स्थिरावण्यासाठी एकाहून अधिक अवस्था उपलब्ध असतात आणि त्यांतील काही अवस्थांमध्ये प्रवाळ नसतात.

जमैकाचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. शैवाल माजले की प्रवाळांना जागा उरत नाही. तेथे हे शैवाल खाणारे मासे अनेक दशकांच्या मासेमारीने जवळजवळ संपले होते, तरीही १९७७ च्या सुमारास प्रवाळांचे आच्छादन ५० टक्क्यांच्या वर होते, कारण डायाडेमा या लांब काट्यांच्या सी अर्चिनने शैवाल खुडण्याचे सगळे काम एकट्याने अंगावर घेतले होते. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. त्यानंतर थोडीफार नवी उगवण सुरू झाली होती. परंतु १९८३-८४ मध्ये संपूर्ण कॅरिबियनभर पसरलेल्या रोगाने डायाडेमा जवळजवळ नाहीशी झाली. खुडणारे कोणीच उरले नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी प्रवाळ सुमारे ३ टक्क्यांवर आले होते आणि मोठ्या शैवालांनी ९० टक्क्यांहून अधिक तळ व्यापला होता. १९७७ मध्ये कोणी केवळ आच्छादन पाहून ही भित्तिका सुदृढ ठरवली असती, तर ती व्यक्ती आकड्यात चुकली नसती. निष्कर्षात मात्र पूर्णपणे चुकली असती.

भरतीओहोटी

वरील विवेचन मान्य आहे, पण जमैकाच्या उदाहरणाचा अतिवापर होतो, असे माझे मत आहे. त्यावरून ‘शैवालभक्षी मासे राखा, भित्तिका आपोआप वाचेल’ असे एक सोपे सूत्र तयार झाले आणि ते जगभर लावले गेले. २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर विरंजनाची तीव्रता कशावर ठरली, हे तपासले गेले तेव्हा मासेमारीला बंदी असलेले क्षेत्र आणि खुले क्षेत्र यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पाणी किती तापले यावरच सारे अवलंबून होते. ताप माशांना विचारून येत नाही.

शिवाय कोणता मासा काय काम करतो, हेही आपण बाहेरून ओळखू शकतोच असे नाही. ग्रेट बॅरियर रीफवरील ऑर्फियस बेटाजवळ संशोधकांनी भित्तिकेचे काही तुकडे जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून तेथे सारगॅसम शैवालाचे दाट रान माजू दिले आणि मग पिंजरे काढून घेतले. पोपट मासे ते रान साफ करतील अशी सर्वांची अपेक्षा होती, परंतु त्यांचा वाटा किरकोळ निघाला. काम केले ते बॅटफिशच्या एका जातीने, जिची गणना तोवर शैवालभक्षींत होत नव्हती. नेहमी दिसणारे पोपट मासे मुख्यतः खडकावरची खुरटी शैवाले खरवडतात, म्हणजे रान माजू न देणे त्यांना जमते. माजलेले रान उपटणे हे निराळे काम आहे. ते करणारी जात विरळ आणि आपल्याला अपरिचित असेल, तर ती कधी नाहीशी झाली हे आपल्या लक्षातही येणार नाही.

निळाई

दोघांचेही आभार. मग मासे राखण्याचा उपयोग नाही असे समजायचे का? आणि प्रवाळ परत येतात, ते नेमके कोठून येतात?

सागरतळ

मासे राखण्याचा उपयोग नाही, असे भरतीओहोटी यांनाही म्हणायचे नसावे. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: धक्का सोसणे आणि धक्क्यानंतर उभारी घेणे. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे एक अंश सेल्सियसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करताना घातक ऑक्सिजन संयुगे बाहेर टाकू लागतात आणि प्रवाळ त्यांना हाकलून देतो. अन्नाचा मोठा हिस्सा ज्यांच्याकडून मिळतो तेच गेल्यामुळे तो पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. मात्र तो त्या क्षणी मेलेला नसतो. पाणी वेळेवर निवले तर शैवाले परततात. या टप्प्यावर माशांची काहीच भूमिका नाही. काही प्रवाळांत उष्णता सोसणाऱ्या वेगळ्या वंशाची शैवाले प्रबळ होतात आणि त्यामुळे सोसण्याची क्षमता थोडी वाढते, पण त्याची किंमत बहुधा मंदावलेल्या वाढीतून मोजावी लागते.

माशांची भूमिका सुरू होते ती प्रवाळ मेल्यानंतर. मेलेल्या सांगाड्यावर काही आठवड्यांतच शैवाल चढते. प्रवाळाच्या पाण्यात तरंगणाऱ्या अळीला स्थिरावण्यासाठी मोकळा, कठीण पृष्ठभाग लागतो. त्यातही खडकावर गुलाबी लेपासारखी वाढणारी चुनखडीयुक्त शैवाले तिला विशेष मानवतात. दाट मांसल शैवालात ती टिकत नाही. म्हणून खुडणारे हवेत.

अळ्या येतात त्या जिवंत उरलेल्या प्रौढ प्रवाळांपासून, आणि येथे वेदनादायक हिशोब आहे. २०१६-१७ च्या मृत्यूसत्रानंतर २०१८ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर नव्याने स्थिरावणाऱ्या प्रवाळांची संख्या पूर्वीच्या सरासरीपेक्षा ८९ टक्क्यांनी घटली. भित्तिका एवढी विशाल आहे की एका टोकाचे नुकसान दुसरे टोक भरून काढील, अशी जी समजूत होती तिला यामुळे मोठा तडा गेला.

याच्या उलट बाजूचे, आणि मला सर्वांत उद्बोधक वाटणारे, उदाहरण म्हणजे वायव्य ऑस्ट्रेलियाजवळची स्कॉट रीफ. ती इतर भित्तिकांपासून फार दूर आहे. १९९८ च्या विरंजनानंतर तेथे प्रवाळ ९ टक्के उरले होते आणि पुढील सहा वर्षे अळ्यांचा पुरवठा ९४ टक्क्यांनी कमी होता. प्रचलित समजुतीनुसार अशी एकाकी भित्तिका संपायला हवी होती, तरी बारा वर्षांत आच्छादन ४४ टक्क्यांवर गेले. आधी वाचलेल्या तुकड्यांचीच वाढ झाली, आणि ते वयात आल्यावर त्यांनी स्थानिक अळ्यांचा पुरवठा सुरू केला. मासेमारीचा ताण व किनाऱ्यावरून येणारा गाळ तेथे फारसा नव्हता, त्यामुळे उरलेले तुकडे जगू शकले. पण त्या भित्तिकेला बारा वर्षे मिळाली, हे विसरू नये. २०१६ मध्ये ती पुन्हा तीव्र विरंजनाच्या तावडीत सापडली.

खोलपाणी

सागरतळ यांनी बारा वर्षांचा उल्लेख केला, तो या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे. जगभरातील शंभर भित्तिकांच्या नोंदी एकत्र केल्यावर असे दिसले की १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तीव्र विरंजनाच्या दोन घटनांमध्ये साधारण २५ ते ३० वर्षांचे अंतर असे, ते २०१६ पर्यंत सुमारे सहा वर्षांवर आले. वेगाने वाढणाऱ्या प्रवाळांनाही पूर्वपदावर येण्यास एक दशक किंवा अधिक काळ लागतो, मंद वाढणाऱ्यांना त्याच्या कितीतरी पट. अंतर सहा वर्षांचे असेल, तर प्रत्येक फेरीत तेच ते जलद वाढणारे प्रवाळ पुन्हा पुढे येतात आणि पोरायटीससारखे शंभर वर्षांचे गोलाकार प्रवाळ मागे पडत जातात, मग आच्छादनाचा आकडा काहीही असो.

सेशेल्सचा अनुभव येथे जोडतो. १९९८ मध्ये तेथील आतल्या बेटांभोवतीचे ९० टक्क्यांहून अधिक जिवंत प्रवाळ गेले. पुढे पाहणी केलेल्या २१ भित्तिकांपैकी १२ सावरल्या आणि ९ शैवालाकडे कायमच्या झुकल्या. कोणती कोणत्या गटात जाईल हे ठरवणाऱ्या गोष्टींत विरंजनापूर्वीची उंचसखल, गुंतागुंतीची रचना आणि पाण्याची खोली या दोन बाबी सर्वांत बोलक्या निघाल्या. त्यांच्या मागोमाग बाल प्रवाळांची घनता, शैवालभक्षी माशांचे प्रमाण आणि पोषकद्रव्यांची अल्पता यांचाही वाटा होता. कपारी आणि पोकळ्या टिकल्या तर मासे टिकतात, मासे टिकले तर जागा मोकळी राहते. कपारी झिजून ढिगारा झाला की हे सारे उलट दिशेने फिरू लागते. दुर्दैवाने सांगाडा झिजण्याचा परिणाम दिसायला काही वर्षे जातात, त्यामुळे विरंजनानंतर लगेच केलेली माशांची गणना बऱ्याचदा खोटा दिलासा देते.

भरतीओहोटी

मान्य. निळाई, तुमच्या मूळ प्रश्नापुरते सांगायचे तर पुढचा वार्षिक अहवाल हाती येईल तेव्हा एकूण टक्केवारीच्या आधी वंशनिहाय तक्ता उघडा आणि पाच सेंटीमीटरपेक्षा लहान प्रवाळांची घनता दिलेली असेल तर ती पाहा. मोठे प्रवाळ भरपूर आणि लहान जवळजवळ नाहीत असे चित्र असेल, तर तुम्ही मागच्या पिढीची कमाई पाहत आहात.

निळाई

२०२२ चा अहवाल पुन्हा काढून बसलो आहे. ॲक्रोपोराविषयीचे वाक्य त्यात पहिल्यापासून होते. मी ते शीर्षकातील आकड्याच्या घाईत ओलांडून गेलो होतो. बाल प्रवाळांची घनता मात्र मला अजून सापडायची आहे.