बाळाच्या रडण्याने आई चिडते की विरघळते: रक्ताचा गुण की बालपणाचा?

कंदील
सहाव्या आठवड्यात माझं बाळ रोज संध्याकाळी दोन-दोन तास रडायचं. (रडण्याचा कळस त्याच सुमारास असतो, हे नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.) मला माया यायच्या ऐवजी राग यायचा. कानशिलं तापायची, दात आवळले जायचे. एकदा त्याला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर बसून मीच रडले. माझी बहीण तेच रडणं ऐकून "काय झालं माझ्या राजाला" करत त्याला उचलायची.

'आईचं काळीज' जात्याच असतं, हे मला आता पटत नाही. लहानपणी आमच्याकडे रडलं की "गप्प! आवाज नकोय" एवढंच वाट्याला यायचं. जिचं रडणं दटावून बंद केलं, तिला आई झाल्यावर ते भुकेची हाक कसं वाटेल? धोक्याची घंटाच वाटणार.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनींच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग बघा. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या लेकी जास्त चाटणारीकडे वाढल्या, तर पुढे त्याही पिल्लांना भरपूर चाटू लागल्या. खाण तशी माती म्हणतात ना? इथे जन्मदात्री वेगळी आणि गुण सांभाळणारीचे.

शंकासूर
असहमत. उंदरांची अदलाबदल करता येते, माणसांची नाही. तुमची आई तापट होती आणि तुम्हीही तापट आहात, तर तो तापटपणा तिच्या दटावण्यातून आला की तिच्या जनुकांतून, हे कसं ठरवणार? तिनेच तुम्हाला दोन्ही दिलं.

आणि प्रयोगच हवेत तर १९९६ चा घ्या. फॉस-बी नावाचं एकच जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्या पिल्लांना हुंगायच्या, पण गोळा करून उबेला घ्यायच्या नाहीत. बाकी तब्येत ठणठणीत. तिथे कोणाचं बालपण आड आलं?

बहिणीचंही सांगा. घर एक, आईबाप तेच, मग ती वेगळी कशी?

कंदील
बहीण पाच वर्षांची होईपर्यंत आजीकडे वाढली. अदलाबदलच की!

शंकासूर
सख्ख्या बहिणींतही सरासरी निम्मीच जनुकं सारखी येतात. एका बहिणीवरून काही सिद्ध होत नाही. आजीने लाड केले असतील, मान्य.

रातराणी
'हे जनुक असेल तर आई अशी' हे दावे मात्र जरा जपूनच घ्या. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ऑक्सिटोसिन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांशी संबंधित दोन जनुकांची काही रूपं आणि आईची मुलाबद्दलची संवेदनशीलता यांचा संबंध दाखवला. बातमी छान होते. पण अशा एकेकट्या जनुकांची हवा पुढे बरीच निघाली. २०१९ मध्ये नैराश्याशी जोडलेली १८ नावाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, त्यात तेच सेरोटोनिनवालंही होतं. कुठूनही उचललेल्या जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. आनुवंशिकता नाही असं नव्हे. ती शेकडो-हजारो बारीक धाग्यांत विखुरलेली असते.

अवांतर: फार संताप आला की बाळाला पाळण्यात नीट उताणं ठेवून पाच मिनिटं बाहेर जाणं, हेच डॉक्टर सांगतात. तुम्ही चुकला नाहीत.

बाबा_रात्रपाळी
सगळं आयांवरच का घसरतंय? २०१३ च्या एका अभ्यासात आईबापांना फक्त रडण्याच्या आवाजावरून आपलं बाळ ओळखायला लावलं. रोज चार तासांहून जास्त बाळासोबत असणारे बाप आयांइतकेच अचूक निघाले, कमी वेळ देणारे मागे पडले. म्हणजे कान सरावाने तयार होतो. आमच्याकडे रात्री तीनला आधी मी उठतो, बायकोला जाग येत नाही. तिच्या जनुकांत खोट काढू का आता?

शंकासूर
ओळखणं वेगळं आणि सहन होणं वेगळं. कंदील यांनाही आवाज ओळखू येत होताच की! प्रश्न त्यानंतर छातीत काय होतं याचा आहे. आणि एक राहिलंच: बालपण दोषी धरलं की शेवटी बोट आजीकडे जातं, मग पणजीकडे. पुन्हा बाईच.

कंदील
बोट दाखवायला धागा काढला नव्हता, पण हे लागलं खरं. आमची आई तीन मुलं एकटीने सांभाळायची, हेही लिहायला हवं होतं. आणि मला जे आठवतं ते पाच-सहा वर्षांपुढचं. तान्हेपणी काय झालं ते मला कुठून माहीत असणार? काल आईला फोनवर विचारलं, मी बाळ असताना खूप रडायचे का?

म्हणाली, "तू? तू रडायचीच नाहीस."