उजवी की डावी? नाताळच्या क्रूझसाठी केबिन

ताई, नाताळच्या सुट्टीत मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ, सोबत सासूबाई आणि दोन मुलं, केबिन कुठल्या बाजूची घ्यावी असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी "डोळे झाकून उजवी" असं सांगितलंय, पण ते अर्धंच खरं आहे.

जहाजाच्या तोंडाकडे पाहून डावं-उजवं धरायचं. मुंबईहून दक्षिणेकडे निघालं की किनारा डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे. परतताना अगदी उलट. बॅलार्ड पिअरहून, म्हणजे मुंबईतल्या क्रूझच्या धक्क्यावरून, बाहेर पडताना गेटवे, कुलाबा मात्र उजव्या हाताला दिसतं. जाताना संध्याकाळ समुद्रात मिळणार असेल तर उजवी घ्या, येताना असेल तर डावी. आधी वेळापत्रक बघा.

आम्ही गेलो तेव्हा उजवी बाल्कनी होती. सहा वाजून गेले, सूर्य पाण्याला टेकला आणि आईनं पदर सावरून हात जोडले. जन्म सोलापुरात गेला तिचा, एवढं पाणी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. खूप वेळ ती बोललीच नाही.

पण सासूबाईंना गाडी लागत असेल तर बाजूपेक्षा जागा महत्त्वाची: जहाजाच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या डेकवर. तिथं हेलकावे सगळ्यात कमी. डिसेंबरात अरबी समुद्र बहुतेक शांतच असतो, तरी मी यात तडजोड करणार नाही. दोन केबिन घेत असाल तर शेजारच्याच मागा.

सोलापूरहून मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं येणार असाल तर तिचं आरक्षण मात्र आजच बघा, नाताळात ती लगेच भरते.