कॉलेज फुटबॉलच्या अंदाज-स्पर्धेत गुण कसे लावावेत?

प्रश्न – जुळे सोलापूर

माझे मेहुणे टेक्सासमध्ये नोकरीला आहेत. त्यांच्या मित्रमंडळात अमेरिकी कॉलेज फुटबॉलची अंदाज-स्पर्धा दर हंगामात चालते आणि यंदा त्यांनी मलाही त्यात घेतले आहे. एकूण चाळीसेक जण आहेत. दर आठवड्याला दहा सामने दिले जातात. प्रत्येकाचा विजेता सांगायचा आणि जितकी खात्री अधिक तितके जास्त, अशा रीतीने 10 ते 1 हे गुण त्या सामन्यांना एकेक करून लावायचे. अंदाज बरोबर आला तर तेवढे गुण मिळतात, चुकला तर काहीच नाही. पैसे लावलेले नाहीत, फक्त फिरता चषक आहे. पण तो एकदा सोलापुरात यावा अशी मनापासून इच्छा आहे. खेळाचे नियम मला समजतात. संघांच्या क्रमवारीवर विसंबावे की मागील निकालांवर, आणि धक्कादायक निकाल आधी ओळखण्याची काही रीत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – संख्याशास्त्राचा शिक्षक, सात रस्ता

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे गुण तिथेच जातात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला 40-35 असे हरवले, आणि त्याच्या आदल्या महिन्यात नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर 16-14 असे नमवले. तेच नोत्र दाम पुढे त्या हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. असे निकाल दर हंगामात लागतात, पण ते नेमके कोणत्या शनिवारी लागतील हे सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या मागे धावू नये.

आधार घ्यायचा तो स्प्रेडचा, म्हणजे अमुक संघ किती गुणांनी जिंकेल या सट्टाबाजाराच्या अंदाजाचा. दुखापती, घरचे मैदान, हवामान हे सर्व त्यात बहुतांशी आधीच धरलेले असते. ढोबळमानाने, तीन गुणांनी पारडे जड असलेला संघ शंभरात सत्तावन्न-अठ्ठावन्न वेळा जिंकतो, सात गुणांचा सुमारे सत्तर वेळा, चौदाचा ऐंशीहून अधिक वेळा आणि एकवीसच्या पुढचा नव्वदहून अधिक वेळा. दहाही सामने स्प्रेडप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि त्याच क्रमाने 10 ते 1 गुण द्या.

क्रमाला एवढे महत्त्व का, ते एका हिशेबाने दाखवतो. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता 85 टक्के आहे आणि दुसऱ्यात 60 टक्के. पहिल्याला 10 आणि दुसऱ्याला 3 गुण लावले तर सरासरी 8.5 अधिक 1.8, म्हणजे 10.3 गुण पदरात पडतात. उलट लावले तर 6 अधिक 2.55, म्हणजे 8.55. विजेते तेच निवडले, तरी केवळ अदलाबदलीने पावणेदोन गुण गेले. हंगामभर असे होत राहिले तर तूट भरून निघत नाही.

उत्तर – पूर्वी ओहायोत राहिलेला

सरांचे म्हणणे मला मान्य आहे, क्रमवारीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. पत्रकारांची क्रमवारी ही बरीचशी झालेल्या कामगिरीची पावती असते. पुढच्या शनिवारी कोण जिंकेल हे सांगण्यासाठी ती तयारच केलेली नसते. त्यासाठी एसपी प्लस किंवा एफपीआय यांसारखी, आकडेवारीवरून संघांची ताकद मोजणारी मूल्यांकने पाहावीत. हंगामाच्या आरंभी त्यांवरही जपून विश्वास ठेवावा, कारण ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्याच्या सोयीमुळे, दर वर्षी खेळाडू मोठ्या संख्येने संघ बदलतात आणि गेल्या वर्षीच्या संघाचे नाव तेवढे शिल्लक राहते.

डिसेंबरमधील बोल सामन्यांचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या खास सामन्यांचे, गणित तर अगदी निराळे असते. 2023 च्या ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट 13-0 अशी अपराजित येऊन जॉर्जियाकडून 63-3 अशी हरली, कारण तिचा मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जायबंदी होता आणि इतर अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून माघार घेतली होती. अशा वेळी मागील निकाल पाहून काहीही कळत नाही. कोण खेळणार आहे एवढेच पाहावे.

आपल्या वेळेचाही फायदा घ्या. तिकडे शनिवारी दुपारी बारा वाजता सुरू होणारा पूर्व किनाऱ्यावरचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला असतो, नोव्हेंबरात घड्याळे बदलल्यावर साडेदहाला. बिग टेन कॉन्फरन्सचे (म्हणजे संघांच्या एका गटाचे) खेळाडू-उपलब्धतेचे अहवाल सामन्याच्या दोन तास आधी येतात, तर एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या अंतर्गत सामन्यांचा शेवटचा अहवाल दीड तास आधी येतो. म्हणजे जेवणे उरकल्यावर निवांत बसून अंदाज बदलता येतात, जेव्हा तिकडची मंडळी नुकतीच उठलेली असतात.

उत्तर – अशोक चौक

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी माझा एक मतभेद नोंदवतो. चाळीस जणांत पाच-सहा जण तरी स्प्रेडप्रमाणेच खेळणार. सगळे एकाच वाटेने गेले तर आपण वरच्या घोळक्यात राहू, पण पहिले येऊ असे नाही. कुठेतरी वेगळे व्हावेच लागेल, आणि ते जिथे स्वस्तात होता येते तिथे व्हावे.

टेक्सासमधील मंडळी टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या संघांवर जीव ओवाळून टाकतात. समजा, यांपैकी एका संघाचे पारडे फक्त तीन गुणांनी जड आहे आणि जवळजवळ सर्वांनी त्यालाच निवडले आहे. त्या सामन्याला 4 गुण लावून तुम्ही प्रतिस्पर्ध्याला निवडले, तर सरासरी नुकसान अर्ध्या गुणाच्या थोडे वर. पण तो प्रतिस्पर्धी जिंकला तर एका रात्रीत जवळजवळ सगळ्यांच्या पुढे. आठवड्यातून असा एखादाच सामना निवडावा. स्प्रेडमध्ये चौदा गुणांनी मागे असलेल्या संघावर हा प्रयोग करू नये. तिथे वेगळेपणाची किंमत फार पडते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोव्हेंबरपर्यंत मी मागे पडलो असेन, तर हे प्रमाण वाढवावे का? आणि बरोबरी झाली तर एका सामन्यातील दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज सांगावी लागते, तिचा अंदाज कसा करावा?

उत्तर – संख्याशास्त्राचा शिक्षक, सात रस्ता

होय, मागे असाल तर अशोक चौकातील मित्रांनी सांगितलेले सामने आठवड्याला दोन-तीन करा; आघाडीवर असाल तर मात्र एकही नको, तेव्हा इतरांसारखेच अंदाज देणे आपल्या हिताचे असते. बेरजेसाठीही सट्टाबाजाराचा एकूण गुणांचा आकडा पाहावा आणि सामन्याच्या दिवशी जोरदार वारा असेल तर तो काही गुणांनी खाली आणावा, कारण पावसापेक्षा वाऱ्यामुळे लांब पास आणि फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणे) अधिक बिघडतात.