ब्रिटिश पेन्शनवर दिग्रस तालुक्यातील गावी कायमचे राहायला यावे काय?

अरुणावतीकाठ (दिग्रस तालुका)

सर्वांना नमस्कार. माझे भासरे (यजमानांचे मोठे बंधू) आणि जाऊबाई अनेक वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतात. दोघांनीही तेथील नागरिकत्व घेतले असून दोघांजवळ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना व्हिसाशिवाय येथे राहू देणारे कार्ड) आहे. भासरे वर्षा-दीड वर्षात निवृत्त होतील. तेथील घर विकून टाकावे आणि गावातील वडिलोपार्जित घर दुरुस्त करून कायमचे इकडे यावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. जाऊबाईंचे गुडघे थंडीत फार दुखतात, आणि हिवाळ्यात घर गरम ठेवण्याला व तेथील नगरपालिकेच्या कराला महिन्याकाठी जेवढे लागते तेवढ्यात आमच्याकडे दोन माणसांचा महिना आरामात निघतो, हे खरे आहे.

मोठा भाऊ गावी येणार म्हणून घरात आनंद आहे आणि मलाही आहे. उद्या त्यांचे दुखणेखुपणे माझ्याकडे येईल, त्याचीही माझी तयारी आहे. मात्र हे सगळे गणित आजच्या भावावर मांडलेले आहे. आज ते पासष्टीला आलेले आहेत. ऐंशीचे होतील तेव्हा ती पेन्शन, तो उन्हाळा आणि आमच्या तालुक्यातील दवाखाना त्यांना पुरेल काय, हे कोणी नीट सांगत नाही. सासरे वारल्यानंतर सातबारावर दोन्ही भावांची नावे चढली आहेत, आणि भासऱ्यांना शेजारची चार एकर जमीनही विकत घ्यायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त लेखापाल, अमरावती

ताई, आपण पंधरा वर्षांनंतरचा प्रश्न विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. परदेशी पेन्शनवर स्वस्त देशात राहणाऱ्यांची बहुतेक चर्चा पहिल्या दोन-चार वर्षांच्या खर्चापाशीच संपते.

ब्रिटनची सरकारी पेन्शन जगात कोठेही मिळते, परंतु ती दरवर्षी सर्वत्र वाढत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ दर एप्रिलमध्ये मिळते. युरोपीय संघातील देश, अमेरिका आणि फिलिपाईन्स येथे राहणाऱ्यांनाही ती मिळते. भारत, थायलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र पेन्शन सुरू होताना जी रक्कम असेल तीच कायम राहते, आणि पेन्शन सुरू झाल्यावर येथे आले तर येतानाची रक्कम गोठते. हा भेद त्या-त्या देशाशी ब्रिटनने केलेल्या करारांवरून पडला आहे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, त्यामुळे आता वाढ मिळेल असे काहींना वाटते. त्यासोबत सामाजिक सुरक्षेचे जे ठरले ते तात्पुरत्या कामावर पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये एवढ्यापुरते आहे. निवृत्तांच्या पेन्शनवाढीशी त्याचा संबंध नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या नवीन पद्धतीची पूर्ण पेन्शन तेव्हा आठवड्याला १५५.६५ पौंड होती. एप्रिल २०२५ पासून ती २३०.२५ पौंड झाली. २०१६ साली पेन्शन सुरू होऊन यवतमाळ जिल्ह्यात राहायला आलेल्या माणसाला आजही १५५.६५ पौंडच मिळत असतील, म्हणजे लेस्टरमधील त्याच्या शेजाऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. रुपया घसरल्यामुळे त्याला थोडा आधार मिळाला हे मान्य, कारण तेव्हा पौंड पंचाण्णवच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये तो एकशे दहाच्या पुढे गेला. परंतु ही वाढ नऊ वर्षांतील आपल्या महागाईला पुरत नाही. महागाई रिझर्व्ह बँकेच्या चार टक्क्यांच्या लक्ष्यावर राहिली तरी सुमारे अठरा वर्षांत भाव दुप्पट होतात. औषधे आणि दवाखाना तर त्याहून वेगाने महागतात.

विनिमयदराचा आधार कायमचा धरू नये, हे थायलंडमधील इंग्रज निवृत्तांकडे पाहून कळते. २००७ च्या सुमारास त्यांना एका पौंडामागे सत्तरच्या आसपास बाथ मिळत. अलीकडे ते पंचेचाळीसच्या आतबाहेर आले आहेत. पेन्शन गोठलेली, चलन वधारलेले, त्यात निवृत्तीच्या व्हिसासाठी बँकेत आठ लाख बाथ ठेवण्याची अट आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावरील कराचे कडक नियम, असे सर्व बाजूंनी त्यांचे हिशेब बदलले. आपल्या भासऱ्यांना ओसीआयमुळे व्हिसाची चिंता नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. इतर अनिश्चितता मात्र त्यांच्याही वाट्याला येईल.

दोन गोष्टी आजच तपासाव्यात. पूर्ण पेन्शनला तेथील सामाजिक विम्याच्या वर्गणीची (नॅशनल इन्शुरन्स) पस्तीस वर्षे लागतात आणि दहा वर्षांपेक्षा कमी असतील तर सहसा काहीच मिळत नाही. जाऊबाई काही वर्षे घरी राहिल्या असतील तर त्यांची वर्षे किती भरली, हे भासऱ्यांच्या वर्षांइतकेच महत्त्वाचे आहे. नव्या पद्धतीत पतीच्या पश्चात त्याची पेन्शन पत्नीला बहुतांशी मिळत नाही. काही जुन्या हक्कांचा भाग तेवढा अपवाद. म्हणजे दोन पेन्शनींवर चालणारे घर एक माणूस गेल्यावर एकावर येते, आणि ते नेमके अशा वयात जेव्हा सोबतीला पगारी माणूस ठेवण्याची गरज पडते.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, वर्धा जिल्हा

पैशांविषयी वर लिहिले गेले आहेच, म्हणून मी फक्त उन्हाळा आणि दवाखान्याविषयी लिहिते.

इंग्लंडमध्ये राहून आलेल्या माणसाला आपली ऊब डिसेंबरात फार आवडते. गुडघ्यांना आराम पडतो, सकाळी ओट्यावर उन्हात बसता येते. आपला मे महिना ही वेगळी गोष्ट आहे. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला येथे ४५ अंश हे नवतपात नवलाचे राहिलेले नाही. उतारवयात तहान कमी जाणवते. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातील पाणी आणि क्षार नकळत उतरतात. आमच्याकडे मे महिन्यात आणलेले ज्येष्ठ रुग्ण पुष्कळदा उन्हात गेलेलेच नसतात. ते घरातच, टिनाच्या छपराखाली, दुपारी वीज गेलेल्या खोलीत निपचित पडलेले सापडतात. जीभ कोरडी, कातडी तापलेली, बोलण्यात विसंगती. घरच्यांना आधी वाटते की झोप लागली असेल.

म्हणून घर दुरुस्त करताना फरशी आणि रंगाआधी छताचा विचार करावा. स्लॅबवर पांढरा थर, पश्चिमेच्या भिंतीला सावली, एका खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि तो दुपारभर चालवील असा इन्व्हर्टर, एवढे हवेच. एसीला इन्व्हर्टर पुरत नाही. साधा कूलर दीड-दोनशे वॅटवर चालतो आणि कोरड्या हवेत चांगला गारवा देतो. जूनच्या अखेरीस हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा पाऊस लांबला तर ते पंधरा दिवस फार जड जातात.

आजारपणाबाबत मी एकाच उदाहरणावर भर देईन. मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघात झाला तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावेच लागते. दिग्रसकडील खेड्यातून यवतमाळ सव्वा-दीड तास धरा. त्यात रात्री गाडी मिळणे, आधी गावच्या डॉक्टरांना दाखवणे आणि मग पुढे पाठवणे यात वेळ जातो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत, परंतु रात्री कोणाला उठवायचे, कोणाची गाडी, थेट कोठे न्यायचे, हे घरात आधीच ठरलेले असावे. सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरचे एम्स ही मोठी रुग्णालये विदर्भातच आहेत. नियोजित शस्त्रक्रियेसाठी ती उत्तम आहेत. तातडीच्या वेळी अंतर आड येते.

आरोग्य विम्याला वयाची पासष्टची मर्यादा नियामकांनी २०२४ मध्ये काढली. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. म्हणजे विमा घ्यायचाच असेल तर तो आल्याबरोबर घ्यावा, दुखणे निघेपर्यंत वाट पाहू नये. ज्येष्ठांचा हप्ता भारी असतो आणि दरवर्षी वाढतो, तो मासिक खर्चात धरावा.

अर्जनवीस, पुसद

जमिनीपुरते लिहितो. वारसाने आलेली शेती ओसीआयधारकाकडे राहू शकते, त्यामुळे सातबारावरील नावाला बाधा नाही. नवीन शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. गृहमंत्रालयाची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना याबाबत स्पष्ट आहे. शेजारची चार एकर दुसऱ्याच्या नावाने घेऊन पैसा आपला टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो मुळीच ऐकू नये, कारण तो बेनामी व्यवहार ठरतो आणि भावाभावांतही पुढे वितुष्ट येते. गावठाणातील घर किंवा अकृषक प्लॉट घेण्यास हरकत नाही. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर घराच्या मिळकत पत्रिकेवर नावे बरोबर चढली आहेत का ते दुरुस्तीवर पैसा घालण्याआधी पाहावे. दोघा भावांची वाटणी तोंडी असेल तर दोघे हयात आणि समोरासमोर असताना ती नोंदवून घ्यावी, ताई. याला कोणी अविश्वास समजू नये.

परतलेला, मोर्शी तालुका

मी स्वतः इंग्लंडमधून परत आलो आहे आणि मला येथे राहायचे आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी पेन्शन गोठलेली आहे आणि दर एप्रिलमध्ये ते जाणवते. तरीही सकाळी दूध घालायला येणारा मुलगा दार उघडले नाही तर हाक मारतो, संत्र्याच्या बागेत मजुरांशी चार गोष्टी होतात, आणि आजारी पडल्यावर घरात माणसे गोळा होतात. तिकडे शेवटच्या काळात माझा दिवस कोणाशी न बोलता जाई. हे मूल्य पौंडात मांडता येत नाही, पण निर्णयात ते धरलेच पाहिजे.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. गावातील मनुष्यबळ स्वस्त आहे या समजुतीवर विसंबू नका. तरुण मंडळी पुण्या-नागपूरला गेली आहेत, आणि सोयाबीन काढणी व कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत घरकामाला बाई मिळत नाही, कारण तिला शेतात रोजी जास्त मिळते आणि ते योग्यच आहे. पंधरा वर्षांनी अंथरुणावरच्या माणसाची सेवा करणारे कोण, याचे उत्तर आज केवळ "धाकटी जाऊ" असे असेल, तर ते तिला विचारून ठरलेले असावे. ताईंनी प्रश्नात आपली तयारी मोठ्या मनाने लिहिली आहे. परंतु त्यांचेही वय वाढणार आहे.

अरुणावतीकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. शेवटचे वाक्य वाचून थोडा वेळ काहीच सुचले नाही, कारण हे आजवर मला कोणी म्हटले नव्हते. लेखापाल साहेबांना एक विचारते. येथे जमले नाही आणि ते परत गेले, तर पेन्शन पुन्हा वाढते काय? घर विकले असेल तर परतण्याला अर्थ राहील काय?

निवृत्त लेखापाल, अमरावती

ताई, कायमचे परत गेल्यास पेन्शन त्या दिवसाच्या चालू दरावर येते आणि स्थायिक होण्यासाठी परतलेल्या माणसाला तेथील सरकारी आरोग्यसेवाही पुन्हा मिळते. दार उघडेच राहते. प्रश्न राहतो तो छपराचा. ऐंशीव्या वर्षी, कदाचित एकट्या जाऊबाईंना, लेस्टरमध्ये भाड्याचे घर शोधावे लागणे फार कठीण आहे. या संपूर्ण बेतात सहज मागे न घेता येणारे पाऊल एकच आहे, आणि ते म्हणजे घराची विक्री.

म्हणून घर लगेच विकू नये, भाड्याने द्यावे आणि येथे किमान एक पूर्ण वर्ष, मार्च ते जुलै धरून, राहून पाहावे. करकायद्यातही याला सोय आहे. दीर्घकाळ परदेशी राहून परतलेल्या माणसाला साधारण दोन, काही वेळा तीन वर्षे असा दर्जा मिळतो की त्याचे बाहेरचे उत्पन्न येथे सहसा करपात्र नसते. त्यानंतर जगभरचे उत्पन्न येथे दाखवावे लागते. विकायचे ठरलेच तर त्या मुदतीत विकलेले बरे. ब्रिटनमध्ये स्वतः राहत असलेल्या घराला नफ्यावरील करातून सूट असते, पण घर सोडल्यानंतरच्या काळापैकी विक्रीआधीचे शेवटचे नऊ महिनेच सहसा त्या सवलतीत धरले जातात, उरलेल्या काळाचा हिस्सा करपात्र होऊ शकतो. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सनदी लेखापालाकडून तारखा मांडून घ्याव्यात.

पेन्शन खाते परदेशातील निवृत्तांना हयातीचा फॉर्म टपालाने पाठवते आणि तो साक्षीदाराच्या सहीने परत गेला नाही तर पेन्शन थांबते. गावचा पत्ता पिनकोडासह नीट नोंदवावा आणि पोस्टमनला दोघांची नावे आधीच सांगून ठेवावीत. परदेशात राहत असताना ब्रिटनमधील घर विकले तर ताबा दिल्यापासून साठ दिवसांच्या आत तेथील कर खात्याला कळवावे लागते, कर शून्य येत असला तरीही.