जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीला पकडायला दीड वर्ष, आणि आमचा लॉट साइज (एका सौद्यात किमान किती युनिट घ्यायची) एका सर्क्युलरमध्ये तिप्पट. शेअर बाजाराची नियामक सेबी नक्की कोणाला वाचवतेय?

नाशिकचा_ट्रेडर:
२०२१ पासून ऑप्शन बाइंग (इंडेक्स वर जाईल की खाली यावर मुदतीचे सौदे घेणं) करतोय, त्यामुळे मनापासून विचारतो. ऑक्टोबर २०२४ ला सेबीने नियम आणले, काँट्रॅक्ट किमान १५ लाखांचं आणि प्रत्येक एक्सचेंजला एकाच इंडेक्सची वीकली एक्सपायरी, म्हणजे दर आठवड्याला संपणारे सौदे. बँक निफ्टीची (बँक शेअर्सच्या इंडेक्सची) वीकली एक्सपायरी बंद झाली, निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला. म्हणजे १०० रुपये प्रीमियम (एका युनिटची किंमत) असेल तर आधी २५०० मध्ये एक लॉट यायचा, तिथे ७५०० घालावे लागायला लागले. कारण काय, तर रिटेलचं, म्हणजे आमच्यासारख्या लहान ट्रेडर्सचं नुकसान. ठीक आहे. पण १७ जानेवारी २०२४ ला काय झालं ते सेबीच्याच आदेशात आहे. एचडीएफसी बँकेच्या रिझल्टमुळे बँक निफ्टी खाली उघडला, जेन स्ट्रीटने सकाळी सुमारे ४३७० कोटींचे बँक शेअर्स आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) उचलले, इंडेक्स वर नेला, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलटी, म्हणजे इंडेक्स पडला की फायदा देणारी पोझिशन बांधली आणि दुपारी सगळं विकून टाकलं. शेअर्स-फ्युचर्समध्ये ६१ कोटींचा तोटा आणि ऑप्शनमध्ये ७३४ कोटींचा फायदा, एका दिवसात! आदेश आला ३ जुलै २०२५ ला. तोपर्यंत समोरच्या बाजूला आम्हीच होतो ना?

सांगलीची_ताई:
दादा, तुमचा राग समजतो पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ लोक तोट्यात होते, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हे सगळं काय जेन स्ट्रीटने केलं? माझ्या धाकट्या भावाने पर्सनल लोन काढून एक्सपायरीच्या दिवशी हिरो-झिरो (एक तर मोठा फायदा, नाहीतर सगळे पैसे शून्य) खेळलं, आईला कळलं तेव्हा हप्ते थकले होते. लॉट तेव्हाच ७५ चा असता तर त्याला एवढ्या वेळा घुसताच आलं नसतं. मला हा नियम उशिरा आला असंच वाटतं.

नाशिकचा_ट्रेडर:
ताई, भावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण ज्याला सवय लागलीय तो ७५०० पण कुठून तरी आणतोच, आणि जो हिशेबाने एक लॉट घेऊन शिकत होता तो बाहेर पडतो. २०२४-२५ मध्ये वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला, आदल्या वर्षीपेक्षा ४१ टक्के जास्त.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
तो आकडा असा वापरू नका, नियम लागू झाले २० नोव्हेंबरपासून, वर्षाचा बराचसा भाग आधीच गेला होता. मी ब्रोकरच्या ऑफिसात रिस्क बघायचो म्हणून सांगतो, पैसा कुठे जातो ते बघा. २०२३-२४ मध्ये प्रोप डेस्कनी (स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या फर्म्सनी) सुमारे ३३ हजार कोटी कमावले, परदेशी फंडांनी २८ हजार कोटी, आणि बहुतेक सगळं अल्गोने, म्हणजे आपोआप ट्रेड करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने. मोबाइलवर बोट दाबणारा माणूस त्या मशीनसमोर टिकतच नाही, मग कोणी इंडेक्स हलवो वा न हलवो. आणि मॅनिप्युलेशन सिद्ध करायला वेळ लागतोच, एकेका ट्रेडचा हेतू दाखवावा लागतो. जेन स्ट्रीट म्हणतेय ही साधी इंडेक्स आर्बिट्राज (दोन बाजारांतल्या भावातल्या फरकाचा फायदा घेणं) होती, आणि सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवरच्या अपिलांच्या न्यायाधिकरणात, अपील केलंय.

पेठेतला_सीए:
वेळ लागतो हे मान्य, पण इथे फेब्रुवारी २०२५ ला एनएसईने त्यांना समज देणारं पत्र दिलं होतं आणि सेबीच्या म्हणण्यानुसार मे मध्ये निफ्टीत तसंच परत चालू होतं. पत्रानंतर पोझिशनवर रोज नजर का नव्हती? माझा आक्षेप तेवढाच आहे. लॉट साइजच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूने.

सांगलीची_ताई:
हे पटलं. नजर ठेवणं एक्सचेंजचं काम आहे, तिथे ढिलाई झाली असेल तर जाब विचारायलाच हवा. पण म्हणून आमच्या घरातल्या पोरांसाठी दार सताड उघडं ठेवा असं नाही ना होत.

नाशिकचा_ट्रेडर:
बरं, मग ते ४८४३ कोटी, जे जेन स्ट्रीटने एस्क्रोमध्ये (निकालापर्यंत पैसे अडकवून ठेवणाऱ्या खात्यात) भरले, ते शेवटी सेबीच्या बाजूने लागलं तर त्या दिवशी हरलेल्यांना मिळणार का?

पेठेतला_सीए:
सहसा असा पैसा गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो. पण २००३ ते २००५ च्या आयपीओ घोटाळ्यात सेबीने वसूल केलेली रक्कम ज्यांना शेअर्स मिळायला हवे होते त्या लहान अर्जदारांना वाटली होती. तिथे अर्जांची यादी होती. इथे १७ जानेवारीला बँक निफ्टीचा ऑप्शन घेतलेले लाखो लोक, त्यात कोणाचा किती तोटा त्या खरेदी-विक्रीमुळे आणि किती स्वतःच्या अंदाजाने, हे वेगळं काढणं महाकठीण आहे. तरी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पावती) डिलीट करू नका.